शशी, तुझं पार्सल आलं

शशी, तुझं पार्सल आलं. तुझं तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते. मसाला कुटायचा डंक चालू होता, दुकानभर मिरचीचा खकाणा उडत होता आणि कुरियरवाला तोंडावर रुमाल धरून पायरीवरच उभा राहिला. शशिकांत कोण, म्हणाला. मी म्हटलं, दे इकडे. सही करा म्हणाला, केली. जन्मभर मला 'अन्या, तुझ्या डोक्यात नुसती हळद भरलीय' म्हणून हिणवलंस, आणि तुझ्या कॉलेजची पुस्तकं शेवटी माझ्या सहीने घ्यावी लागली. असलं काहीतरी करून ठेवायची तुला खोडच होती.

गेलास त्या सकाळी तुझा फोन आला होता, तोही ह्याच पार्सलसाठी. मी बेडगी मिरचीची पोती उतरवून घेत होतो. आलं का, म्हणालास. मी म्हटलं, आलं की बोंबलून सांगतो, अख्ख्या लालबागला ऐकू जाईल, तू जा कामाला. हसलास आणि फोन ठेवलास. दुपारी ऋतुजाचा फोन आला तेव्हा वाटलं, बापाने आता पोरीला लावलंय चौकशीला. ती 'काका' एवढंच म्हणाली आणि मला कळलं. शिवडीच्या गोदामात माल उतरवून घेताना खाली बसलास म्हणे. पाणी मागितलंस. ते यायच्या आत सगळं संपलं. 'जा कामाला' मी तुला रोजच म्हणायचो, त्याचं मला काही वाटत नाही. पण तू असा गेलास ह्याचा मला राग आलाय, शशी, आणि तो अजून उतरलेला नाही.

काय एकेक खूळ रे तुझं. पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसभर गोदामात पेट्या-गोणींचा हिशेब बघणार, संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर येऊन बसणार, आणि चहा यायच्या आत मोबाइल काढून विचारणार, अन्या, 'आर्ट हिस्टरी' असं लिहू की 'हिस्टरी ऑफ आर्ट'? सुरुवातीला मला वाटलं, डॉक्टरने सांगितलं असेल, डोक्याला काहीतरी विरंगुळा शोधा. तर तसं नव्हतं. तुला डिग्री पाहिजे होती. कलेच्या इतिहासाची. तीही नोकरी सांभाळून, घरी बसून अभ्यास करून. मी म्हटलं, शश्या, ह्या वयात लोक गुडघे बदलतात, तू करिअर बदलतोयस. तू म्हणालास, करिअर नाही रे, मला फक्त शिकायचंय.

आणि मग जे सुरू झालं! ज्या कोर्सची जाहिरात चांगली त्याला मान्यता नव्हती, ज्याला मान्यता होती तिथे हा विषयच नव्हता. एका ठिकाणी होता, तर तो पदवी असलेल्यांसाठी, आणि तू बी.कॉम. शेवटच्या वर्षाला सोडलेलं. एक कोर्स परदेशातला निघाला. त्यात घुमटांचे आणि पुतळ्यांचे फोटो बघून तुझे डोळे असे झाले होते, की मीसुद्धा गल्ल्यावरून उठून बघायला आलो. खाली फी वाचलीस आणि गपचूप मोबाइल खिशात टाकलास. आणि ती एमबीएवाली आठवते? कुठेतरी तू नंबर देऊन बसलास आणि ती बाई पुढे किती दिवस फोन करत होती, सर आपने इन्क्वायरी किया था. तू तिला दर वेळी शांतपणे सांगायचास, मॅडम, मला चित्रांचं पाहिजे. शेवटी तिनेच विचारलं, सर चित्रांचं करून काय करणार? तू म्हणालास, बघणार. तिने फोन ठेवला, आणि मी इतका हसलो की गिऱ्हाइकाच्या पिशवीत तिखटाऐवजी हळद ओतली.

आपलं भांडण तिथेच तर होतं. मी म्हणायचो, घ्यायचंच आहे तर डिझाइन घे. डिझाइनचे कोर्स घरी बसून करायचे ढीगभर आहेत, मोबाइलवर होतात, माझ्या पाकिटांची लेबलं तरी करशील. तू म्हणायचास, अन्या, तुझ्या लेबलावरची मिरची मुळ्यासारखी दिसते, त्याला डिझाइनर नको, माफी पाहिजे. मग मी चिडायचो. झालेल्या गोष्टींचा अभ्यास करून कोणाचं भलं झालंय, असं काहीतरी बोलायचो, आणि तू चहाचा कप फिरवत बसायचास. उत्तर तुझ्याकडे होतं. ते तू फार उशिरा दिलंस.

त्याआधी दादरचं ते प्रकरण. कोणीतरी तुला सांगितलं, डिग्री मिळते, ओळखीचे आहेत. मला घेऊन गेलास. साड्यांच्या दुकानावर एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, आणि गोड बोलणारा एक माणूस. म्हणाला, साहेब, परीक्षेची कटकट नाही, मागच्या वर्षाची तारीख घालून सर्टिफिकेट हातात. मी तुला कोपराने ढोसलं. म्हटलं, घे रे, कोण बघायला येतंय. तू उठलासच. खाली फूलमार्केटच्या गर्दीत उभं राहून म्हणालास, मला कागद नकोय अन्या, मला ते यायला पाहिजे. मी विचारलं, काय यायला पाहिजे? इतका लांब आलोय तुझ्याबरोबर, निदान ते तरी सांग.

तेव्हा सांगितलंस. तिथेच, माणसांचे धक्के खात.

आपण एका चाळीत, एका गॅलरीत वाढलो, त्यामुळे तुमच्या घरची भिंत मला नवीन नव्हती. तुमच्या कुडाळकडच्या गावी गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने चितारतात. तुझे बाबा भावांपासून वेगळे झाले, गणपती इथे लालबागला खोलीत आणला, आणि गावच्या चालीने भिंतही आणली. मिलमधून सुटून आले की काव, पिवडी, नीळ असे रंग घेऊन बसायचे. चित्र वर्षभर तसंच भिंतीवर राहायचं आणि पुढच्या गणपतीआधी त्यावर चुना मारायचा. तुझी आई म्हणायची, शिळ्या भिंतीपुढे देव बसवायचा नाही. ज्या वर्षी बाबा गेले त्या वर्षीही ती तेच म्हणाली. चुना तू मारलास. कॉलेज सुटलं, शिवडीची नोकरी लागली, आणि त्या गणपतीपासून भिंत तू काढायला लागलास. हे सगळं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

म्हणालास, बाबांनी शेवटचं काढलेलं चित्र वर्षभर माझ्यासमोर होतं, त्याच्यापुढे मी जेवलो, झोपलो, अभ्यास केला, आणि चुना मारला तेव्हा मला कळलं की मी ते बघितलंच नव्हतं. उजवीकडे खाली एक माणूस बसलेला होता एवढंच आठवतं. आणि मग आईशी बोलायचास तसं, मालवणीतच बोललास.

"माका त्याचां तोंड आठवणा नाय रे, अन्या. काय केल्या आठवणा नाय."

म्हणून तुझ्या प्रत्येक वर्षीच्या भिंतीत उजवीकडे खाली तो माणूस असायचा, आणि तो पाठमोरा असायचा. आम्ही सगळे आरतीला तुमच्याकडे येऊन मोदक हाणून जायचो, कोणी कधी विचारलं नाही की ह्याने तोंड का फिरवलंय. तू म्हणालास, जी चित्रं, जी देवळं आता उरलेली नाहीत, त्यांच्याविषयीसुद्धा लोक पानंच्या पानं लिहितात, अन्या, म्हणजे त्यांना बघायला कोणीतरी शिकवलं असणार ना? मला ते शिकायचंय. मी म्हटलं, चल, भजी खाऊ. पण त्यानंतर डिझाइनचा विषय मी काढला नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आलं असेल. तू बोलायचा नाहीस, पण लक्ष असायचं.

शेवटी डिग्री सापडली तुला. मुक्त विद्यापीठाची, बी.ए. पासून सुरुवात, बारावी चालते, कलेचा इतिहास विषय म्हणून घेता येतो, पुस्तकं घरी येतात, रविवारी कधीमधी तास. कट्ट्यावर मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास आणि म्हणालास, परीक्षा आहे अन्या! परीक्षा आहे म्हणून खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. पत्ता दुकानाचा दिलास, कारण दिवसा तुम्ही तिघंही घराबाहेर. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला. मीही खाल्ला. आता ते आठवून शिऱ्याची चव तोंडात येते, आणि नको वाटते.

पार्सल मी आधी वहिनींकडे नेलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, भावजी, तुमच्याकडेच ठेवा. तुझा मोबाइल ऋतुजाकडे होता, त्यावर विद्यापीठाचा मेसेज आलेला. प्रिय विद्यार्थी, अभ्यासाला शुभेच्छा. पोरीने तो मला दाखवला, आणि आम्ही दोघं तुझ्या गॅलरीत उभं राहून रडलो. वहिनींना दिसू नये म्हणून पाठ फिरवून.

मग पाऊसपाणी झालं, गणपती जवळ आले, लालबागात मांडव उभे राहिले, आणि तुझ्या घरात भांडण पेटलं. वहिनी म्हणाल्या, ह्या वर्षी भिंतीला हात लावायचा नाही. तो ह्यांचा हात आहे, ह्यांनी ओढलेली एकेक रेघ आहे, मी तिच्यावर चुना मारू देणार नाही. गणपती ह्या वर्षी माझ्या भावाकडे बसू दे. ऋतुजा म्हणाली, बाबांनी आपल्या बाबांच्या चित्रावर चुना मारला, आजी म्हणायची शिळ्या भिंतीपुढे देव बसत नाही, आणि देव दुसरीकडे बसलेला बाबांना चालला असता का? फोटो काढून ठेवू, ती म्हणाली. काढलाही. वहिनींनी बघितला आणि परत दिला. म्हणाल्या, ह्यात ट्यूबलाइट जास्त दिसते. मायलेकी एकमेकींशी बोलेनात. दोघी वेगवेगळ्या वेळी दुकानात येऊन मला म्हणायच्या, तुम्ही सांगा, तुम्हाला माहीत आहे त्यांना काय पाहिजे होतं.

मला काय माहीत होतं? मसाला कुटणारा माणूस मी. तुझ्यावर असा वैतागलो, शशी. म्हटलं, तुझ्या घरची भांडणं माझ्या गल्ल्यावर टाकून गेलास. आणि त्या वैतागात पार्सल फोडलं.

वाचायला बसलो आणि पहिल्याच धड्यात अडकलो. तू असतास तर तुला केवढा आनंद झाला असता. धड्याच्या शेवटी विद्यार्थ्याला एक काम दिलंय. रोज डोळ्यांसमोर असलेलं एक चित्र निवडा, त्याच्यासमोर बसा, आणि डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते सांगा. त्याचा अर्थ नंतर, आधी नुसतं काय दिसतं ते. मी पुस्तक मिटलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि भर दुपारी तुझ्या घरी गेलो. रविवार होता. दोघी घरात होत्या, एक आत, एक बाहेर.

ऋतुजाला म्हटलं, बस इथे, बापाचा गृहपाठ करायचाय. आम्ही दोघं भिंतीसमोर जमिनीवर बसलो. मी सुरुवात केली. डावीकडे वर माडाचं झाड. ऋतुजा म्हणाली, दोन आहेत काका, एक दुसऱ्याच्या मागे आहे. खरंच होतं. मागचा माड नुसता निळीचा, पुसट. खाली होडी. होडीत बायका. मी म्हटलं, निळं लुगडं नेसलेली. आतून, स्वयंपाकघरातून आवाज आला, "निळं नाही ते, मोरपिशी आहे." थोड्या वेळाने परत आवाज, त्याच्यासाठी दोनदा रंग कालवला होता, पहिला फेकला. मग वहिनी हात पुसत दारात आल्या, मग उंबऱ्यावर बसल्या, मग आमच्यात येऊन बसल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं रे. कुठली रेघ तू शिंकलास म्हणून वाकडी गेली, कुठल्या बाईच्या नथीला तू वहिनींकडे बघून आकार दिलास, कुठला कुत्रा मुळात बकरी होता. आम्ही हसत होतो. तू गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा आम्ही उजवीकडे खाली पोचलो. तो पाठमोरा माणूस. त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, फूलमार्केटातली. तुझ्या बाबांच्या चित्रातला माणूस, ज्याचं तोंड तुला आठवत नव्हतं. मी म्हटलं, ह्याच्याविषयी काय सांगणार, नुसती पाठ दिसते.

वहिनी बघत राहिल्या. उठून जवळ गेल्या, खाली बसल्या. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला, तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"ही ह्यांचीच पाठ आहे, भावजी."

तूच होतास, शशी. गोदामाची बॅग एकाच खांद्याला अडकवून अडकवून उतरलेला तुझा तो खांदा. मानेवरचा तो खड्डा. रोज संध्याकाळी कट्ट्यावरून उठून घराकडे जाताना मी बघतो ती पाठ, बघायचो ती. बाबांच्या चित्रातला माणूस शोधता शोधता दरवर्षी तू स्वतःला बसवत होतास तिथे, आणि तुला कधी कळलंच नसणार, कारण स्वतःची पाठ कोणाला दिसते? आम्ही तिघं खाली बसून रडलो. ह्या वेळी कोणी पाठ फिरवली नाही.

मग वहिनीच म्हणाल्या, आता मार चुना. ऋतुजाला वाटलं, आई रागाने बोलतेय. तर नाही. म्हणाल्या, बापाच्या वेळी ह्यांना असं कोणी समोर बसवलं नव्हतं, म्हणून जन्मभर ते शोधत राहिले. मला आता सगळं सांगता येतंय. मार.

काल ऋतुजाने चुना मारला. मी बादली धरून उभा होतो, दुसरं मला काय येतंय. कुंचा डावीकडून सुरू केला तिने, माडावरून. दुसरा हात दिल्यावर होडीही गेली. उजवा कोपरा तिने वहिनींसाठी ठेवला. वहिनींनी कुंचा घेतला, तुझ्या पाठीवरून हात फिरवावा तसा सावकाश फिरवला, आणि आत जाऊन पाणी प्यायल्या.

उद्या गणपती येतोय. ह्या वर्षी भिंत पांढरीच राहणार, पुढच्या वर्षी ऋतुजा काढेल म्हणते. पुस्तकं माझ्याकडे आहेत. मी काही डिग्रीबिग्री घेणार नाही, तेवढं डोकं मला नाही, तुला माहीत आहे. पण गिऱ्हाईक नसलं की वाचतो, दुसऱ्या धड्यावर आहे, आणि पानांना तिखट लागलंय, त्याबद्दल बोंबलू नको. लेबलावरची मिरची परवा नीट बघितली. मुळाच आहे.

गृहपाठ पाठवायची तारीख जवळ आलीय, पण विद्यापीठाला मी काय पाठवणार? तो तुझा होता. म्हणून तुलाच सांगतो, चुकलं तर थांबव. डावीकडे वर दोन माड, मागचा पुसट. खाली होडी, होडीत चार बाया, एकीचं लुगडं मोरपिशी. काठावर कुत्रा, तो आधी बकरी होता. मधे गणपतीसाठी मोकळी सोडलेली जागा. पलीकडे विहीर, रहाटावर कावळा. आणि उजवीकडे खाली, माठाच्या शेजारी, एक माणूस पाठमोरा बसलाय. डावा खांदा जरा उतरलेला. त्याचं तोंड दिसत नाही, पण आम्हाला आठवतंय.